बेड अकराची नोंद

रविवार, २८ सप्टेंबर. आज कोरडा दिवस. घरात साठवलेलं सगळं पाणी ओतायचं, ड्रम आतून घासायचे आणि गॅलरीत पालथे घालायचे. तुळशीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, मोरीच्या कोपऱ्यातली बादली, काही सोडायचं नाही. मी ब्रश घेऊन ड्रमात कमरेपर्यंत वाकले होते, तेवढ्यात शेजारच्या वहिनी दारातून ओरडल्या, "अहो वंदनाताई, पाणी ओतताय? काल नळाला आलंच नव्हतं!"

"अळ्या पोसायच्या असतील तर तुमच्याकडे आणून ओतते," मी म्हटलं.

नावडे कॉलनीत पाण्याला लोक जिवापलीकडे जपतात, त्यामुळे माझा रविवार सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतो. खुपू दे. अळ्या नागमोडी पोहताना एकदा पाहिल्या की हात आपोआप चालतो. बत्तीस वर्षं नर्सिंग करते आहे. सप्टेंबरचा मला वास येतो. पाऊस मागे सरलेला, ऊन चटके देणारं, संध्याकाळी सोसायटीत फिरणाऱ्या धूरगाडीचा तो गोडसर रॉकेलसारखा धूर, आणि वॉर्डात शिरलं की पपईच्या पानांच्या रसाचा उग्र हिरवा वास. नातेवाईक तो रस पाण्याच्या बाटलीत भरून आणतात आणि उशीखाली लपवतात. सोबत किवी. डेंग्यू म्हटलं की किवी, हे नवी मुंबईत कुणी कुणाला शिकवलं देव जाणे. या दिवसांत माझ्या वॉर्डातल्या प्रत्येक कपाटावर किवीचं खोकं असतं आणि ते खाणारं कुणी नसतं.

ड्रम घासून झाले. हात पुसले आणि ओट्याशेजारी लॅपटॉप उघडला, कारण उद्या सकाळी आठला मला प्रशिक्षण घ्यायचं आहे. विषय वरून आला आहे: 'विविध संस्कृतींच्या रुग्णांची काळजी आणि पूर्वग्रह'. विषय चांगला आहे. स्लाइडची पानंही तयार होऊनच आली आहेत. पहिल्या पानावर नमस्काराचे हात. मग झेंडे. मग एकेका समाजाला एकेक पान. एका पानावर लिहिलंय, 'आफ्रिकी रुग्ण मोठ्या आवाजात बोलतात, त्यांच्याशी आदराने वागा.' दुसऱ्यावर, 'कोळी महिला स्पष्टवक्त्या असतात, वाईट वाटून घेऊ नये.' पूर्वग्रह घालवायचा म्हणून छापील पूर्वग्रह वाटायचा, अशी ही सोय आहे.

शुक्रवारी क्वालिटीवाल्या मॅडमना तसं म्हणाले. आमच्या हॉस्पिटलात सगळं नियमाप्रमाणे चाललंय ना, हे त्या बघतात. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, स्वभावाने वाईट नाहीत. म्हणाल्या, "ताई, चाळीस मिनिटांत उरका. फोटो काढा चार. आणि तेविसाव्या पानावर तुम्ही स्वतःच आहात, बघितलं का? आम्ही मुद्दाम घातलंय."

बघितलं. तेविसाव्या पानावर माझा फोटो आहे. हातात गुलाबाचं फूल, दुसऱ्या हातात प्रशस्तिपत्र. खाली मजकूर: 'आपल्या वंदना सिस्टरनी प्रसंगावधान राखून परदेशी रुग्णाचे प्राण वाचवले.'

ते खरं नाही. हे मला आणि आणखी दोघींना माहीत आहे.

तीन वर्षांपूर्वीचा हाच हंगाम. महिला वॉर्ड भरून बाहेरच्या पॅसेजमध्ये खाटा लागल्या होत्या. अकरा नंबरचा बेड पॅसेजमध्येच, खांबाच्या आडोशाला, जिथे ट्यूबलाइट अर्धी पोचते. तिथे एस्तेर होती. युगांडाची, बावीस वर्षांची, खारघरला कॉलेजात शिकणारी. ताप घेऊन एकटी रिक्षाने आली. गेटवर वॉचमनने आधी पासपोर्ट मागितला, ताप नंतर विचारला. आमच्या मावशी चादर बदलायला एकट्या जायला तयार नव्हत्या, दोघी मिळून जायच्या. कुणी तिला त्रास दिला असं नाही. सलाइन वेळेवर लागत होतं, गोळ्या वेळेवर मिळत होत्या. फक्त फळ्यावर बाकी सगळ्यांची नावं होती, म्हात्रे, शेख, पवार, आणि अकराच्या पुढे लिहिलं होतं 'आफ्रिकन'. ते कुणी लिहिलं, आठवत नाही. पुसलं मी नाही, हे आठवतं.

सकाळी साडेसातला रात्रपाळीच्या मुली दिवसपाळीकडे रुग्ण सोपवतात. त्याला आम्ही ओव्हर म्हणतो. बेडच्या पायथ्याशी उभं राहायचं, कागद बघायचा, मोठ्याने सांगायचं. मराठीतच चालतं. अकराच्या पायथ्याशी उभं राहून आम्ही काय बोलायचो ते लिहायला मला जड जातंय, पण लिहिते. "आफ्रिकनचं पोट दुखतंय म्हणते." "नाटक असेल." "अंग बघ ना कसं कमावलेलं, खेळाडूसारखं. हिला काय होतंय?" यातलं शेवटचं वाक्य माझं.

हे वाक्य माझ्या तोंडून का यावं? माझे वडील साताऱ्याकडून आलेले, एपीएमसी मार्केटमध्ये माथाडी. फळबाजारात पाठीवर पेट्या वाहायचे. एकदा त्यांची कंबर धरली, उठता येईना. मी शाळकरी, सोबत गेले होते. डॉक्टरांनी हातही न लावता सांगितलं, "हमाली करणाऱ्याचं अंग आहे, सवय असते तुम्हाला." वडील हसले. डॉक्टर आपलं कौतुक करतायत असंच त्यांना वाटलं. मला राग आला होता, आणि त्या रागातूनच बहुधा मी या धंद्यात आले. एवढं असूनही, पस्तीस-चाळीस वर्षांनी, एका तापलेल्या पोरीच्या बेडच्या पायथ्याशी उभी राहून मी तेच बोलले, शब्द थोडे बदलून. आपण ज्या वागणुकीने पोळतो ती दुसऱ्याला देत नाही, असं लोक म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. ती वागणूक आपल्या अंगात साठून राहते आणि अंगावर गणवेश चढला की बाहेर येते.

डेंग्यूत ताप उतरला की घरचे खूश होतात आणि आम्ही सावध होतो. खरा धोका तेव्हाच असतो. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. एस्तेरचा ताप चौथ्या दिवशी उतरला. मी राउंडला गेले. ती कुशीवर, गुडघे पोटाशी. "पेन, सिस्टर," म्हणाली. मी म्हटलं, "ओके, ओके." अंगावर पुरळ आहे का बघायचं असतं, त्वचा फिकी पडलीय का बघायचं असतं. पॅसेजमधला तो उजेड आणि तिचा तो काळाभोर रंग. मी नजर टाकली, काही दिसलं नाही. आणि कागदावर लिहिलं: पुरळ नाही. फिकटपणा नाही. पोटदुखी किरकोळ. रुग्ण आरामात. खाली सही.

दिसलं नाही आणि नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गोऱ्या हातावर लाल ठिपके शोधायला आम्हाला शिकवलं. पुस्तकातली चित्रं सगळी गोऱ्या हातांची. सावळ्या, काळ्या अंगावर कुठे बघायचं, हे आमच्या देशात, जिथे निम्मी माणसं सावळी, कुणी शिकवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

शेजारी बारा नंबरला यमुनाबाई होत्या. दिवाळे गावच्या कोळीण, साठीच्या, खाडीकाठच्या बाजारात मासळी विकणाऱ्या. त्यांनाही डेंग्यूच. आवाज असा की पॅसेजच्या एका टोकाला बोलल्या तर लिफ्टपर्यंत ऐकू जाई. सगळ्यांना एकेरीत हाक मारायच्या, डॉक्टरांनासुद्धा. त्यामुळे फळ्यावर नाव असलं तरी आमच्या बोलण्यात त्या 'भांडखोर बारा नंबर' होत्या. आणि त्या काही साध्वी नव्हत्या. पहिल्या दिवशी त्यांनीच मला बोलावून सांगितलं होतं, "या कालीच्या बाजूला मना नको, खाट बदल माजी." खाट रिकामी नव्हती म्हणून राहिल्या. तिसऱ्या दिवशी पाहते तर आपल्या डब्यातली पेज तिला चमच्याने भरवतायत. "तिच्या गावाला पन मासली हाय म्हन्ते," मला सांगितलं, "तल्यातली. खारी नाय, तरी मासलीच ती." दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. हा संवाद कसा झाला ते त्यांनाच ठाऊक.

त्या चौथ्या दिवशी मी सही करून वळले तशी यमुनाबाईंची हाक आली.

"अगो सिस्टर, इकरं ये आधी. ती पोर सकालपासून पोट धरून हाय. कोनी बघाचा हाय का नाय?"

"बघितलं मावशी. झोपा तुम्ही. तिला काही नाही."

"काय नाय? कुठं बघलंस?"

"मावशी, मी तीस वर्षं हेच करते."

"न मी चालीस वर्सं मासली घेते. पापलेट वरून चकाकतंय म्हनून ताजा समजशील तं फसशील. कल्लं उचलून बघाचं असतं. कल्ल्यात रंग कलतो."

आणि सलाइनचा स्टँड ओढत त्या स्वतः उठल्या. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत एस्तेरच्या बेडपाशी गेल्या, अंगठ्याने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली, मासळीचा कल्ला उघडतात तशी. "हे बघ." मी मोबाइलचा उजेड पाडला. पापणीची आतली बाजू कागदासारखी पांढरी. मी तिचा ओठ उलटला, तर हिरड्यांच्या कडेला रक्ताची रेघ. तळहात घेतला हातात. थंड, ओलसर, आणि माझ्या तळहातापेक्षाही फिका. रक्तदाब घेतला. वरचा आकडा आणि खालचा आकडा एकमेकांजवळ सरकलेले, धोक्याची खूण. पोटाला हात लावला तशी ती किंचाळली. मी चार दिवसांत पहिल्यांदा तिच्या पोटाला हात लावत होते.

पुढे सगळं झपाट्याने झालं. डॉक्टर आले, आयसीयूत हलवलं, रक्त दिलं. पोटात रक्तस्राव होत होता. तासाभराचा उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी विचारलं, "कुणी पकडलं हे?" पॅसेजमध्ये दोघीतिघी मुली उभ्या होत्या. एकीने सांगितलं, "वंदना सिस्टरनी." मी बेडची चादर ओढून सरळ करत होते. सरळच करत राहिले.

मग मेमध्ये परिचारिका दिन, गुलाबाचं फूल, फोटो.

एस्तेर वाचली. घरी जाण्याआधी विसरलेला चार्जर न्यायला वॉर्डात आली. बारीक झाली होती, जीन्स कमरेला सैल. मी म्हटलं, "आर यू फाइन नाऊ?" ती एकेक शब्द जुळवत मराठीत म्हणाली, "सिस्टर, मला मराठी बोलता येत नाही नीट. पण समजते. रोज सकाळी साडेसातला समजायची."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं पडलं असतं, मी तिच्याशी भांडले असते. मी म्हणाले, "औषधं वेळेवर घे." ती "हो" म्हणाली आणि जिना उतरली. लिफ्ट होती, पण जिन्याने गेली.

माफी मागायला एक मिनिट पुरलं असतं.

तेव्हापासून मी काही केलंच नाही असं नाही. फळ्यावर नाव लिहायचं, आडनाव नको, गाव नको, देश नको, हा नियम मी घातला. रुग्णासमोर रुग्णाबद्दल 'ती' म्हणून बोलायचं नाही, त्याच्याशी बोलायचं, तो नियमही घातला. मुली पाळतात, माझ्या धाकाने. नियम करताना कारण मात्र कुणाला सांगितलं नाही. आणि कारण सांगितलं नाही की नियमाचं काय होतं, ते काल कळलं.

काल शनिवारी प्रज्ञाची ड्यूटी. दोन वर्षं झाली तिला लागून, हुशार, हाताला चपळ, मला लेकीसारखी. सात नंबरला तळोज्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका झारखंडच्या माणसाची बायको आहे. डेंग्यू, ताप आजउद्या उतरेल. प्रज्ञाची नोंद वाचली: पुरळ नाही. फिकटपणा नाही.

"कुठे पाहिलंस?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? बघितलं ना सिस्टर, अंगावर."

"अंगावर कुठे?"

ती हसली. "ती किती काळी आहे बघा ना. तिच्या अंगावर काय दिसणार? आणि या लोकांना सहन होतं हो, रानावनातली माणसं. काल जेवली पण."

मी काही बोलायच्या आत तिनेच पुढे म्हटलं, "तुमच्यासारखी नजर कुठे आहे आम्हाला! तुम्हाला नुसतं बघून कळतं. त्या आफ्रिकनचं कसं कळलं होतं? ते जन्मजात असतं."

मी सातच्या बाईला स्वतः तपासलं. काल सगळं ठीक होतं. पण आज नसेल, उद्या नसेल, आणि मी चोवीस तास तिथे नसते.

म्हणजे माझ्या फोटोने एवढं काम केलं. तीन वर्षं त्या पोरींना मी हे शिकवत आले की चांगल्या नर्सला एक नजर असते, ती असली तर असते, नसली तर नसते. तेव्हा आपण लिहावं 'पुरळ नाही' आणि पुढे जावं. खरं म्हणजे माझी नजर चुकली होती. बघितलं होतं मासळीवालीने, कारण तिने हात लावला, आणि कुठे बघायचं ते तिला ठाऊक होतं. हे शिकता येतं. पंधरा मिनिटांत शिकवता येतं. मीच ते शिकवू दिलं नाही, कारण शिकवायचं तर आधी सांगावं लागलं असतं की मला येत नव्हतं.

दुपारी क्वालिटीवाल्या मॅडमना फोन केला. तेविसावं पान मी खोटं आहे म्हणून सांगणार आहे, असं आधीच कानावर घातलं. मागून वार करणं मला जमत नाही.

त्या म्हणाल्या, "ताई, पुढच्या महिन्यात मेट्रनच्या जागेची मुलाखत आहे तुमची. माहितीये ना?"

"माहितीये."

"मग कशाला? ती मुलगी वाचली ना? तक्रार नाही, काही नाही. ते पान आपण काढून टाकू. विषय संपला."

"पान काढलं तर गोष्ट तशीच राहते, मॅडम. मुलींच्या डोक्यात."

"मुली तुम्हाला मानतात. उद्या मानणार नाहीत."

हे त्यांनी बरोबर ओळखलं. मेट्रनची जागा मिळाली तर आवडेल, नाही म्हणत नाही. पण रिटायर व्हायला सहा वर्षं आहेत आणि जागेवाचून मी मरणार नाही. मुलींनी मानणं मात्र मला हवंय. वॉर्डात शिरले की त्या उभ्या राहतात, अडलं की माझ्याकडे धावतात, हे मी तीस वर्षं खपून कमावलंय. ते उद्या आठ वाजता टेबलावर ठेवायचं आहे. परत मिळेल का, माहीत नाही.

संध्याकाळी ड्रम सरळ केले. खाली सोसायटीच्या मंडपात गरब्याचं गाणं तिसऱ्यांदा लागलं होतं, तळोज्याकडून वाऱ्याबरोबर कारखान्यांचा तो आंबूस वास येत होता. नळाला पाणी आलं. मी ड्रम भरले, झाकणं घट्ट लावली. मग कपाटातून फाइल काढली. त्या नोंदीची झेरॉक्स मी तेव्हाच करून घेतली होती. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. माझंच अक्षर, वळणदार, खाली सही. मोठ्याने वाचून पाहिली. अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही वाचायला.

सोमवार, २९ सप्टेंबर. सकाळी साडेसहाला निघाले. ओव्हर झाली. आठला खोलीत वीस मुली, मॅडम शेवटच्या खुर्चीवर. झेंड्यांची पानं मी उघडली नाहीत, सरळ तेविसावं लावलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी थांबा म्हटलं, आणि झेरॉक्स वाचली. मग सांगितलं कुणी काय बोललं, मी काय बोलले, यमुनाबाई कोण होत्या, आणि एस्तेर जाताना काय म्हणाली. मॅडम मध्येच म्हणाल्या, "वंदनाताई, हे आपण नंतर बोलू." मी म्हटलं, "नंतर करत तीन वर्षं गेली." मग पापणी, हिरड्या, तळहात, तळपाय, नखं, कुठे आणि कशा उजेडात बघायचं ते एकेकीला पुढे बोलावून दाखवलं. प्रज्ञाची पुढे यायची वेळ झाली तेव्हा ती उठली आणि माझ्याकडे न बघता खोलीबाहेर गेली. मी थांबले नाही. राहिलेल्यांना शिकवलं.

पावणेनऊला वॉर्डात गेले. प्रज्ञा सात नंबरपाशी होती. बेडची चाकं सोडून तिने तो खिडकीकडे ओढला होता. "नाम क्या है आपका?" ती विचारत होती. "फुलमनी," बाई म्हणाली. मग प्रज्ञाने तिच्या पोटावर हात ठेवला. बाईने डोळे मिटले, ओठ दाबले, आवाज काढला नाही. "दुखता है? कब से?" बाईने एक बोट वर केलं. एक दिवस.

प्रज्ञाने मला पाहिलं. नमस्कार नाही, गुड मॉर्निंग नाही. "डॉक्टरांना फोन केलाय," एवढंच म्हणाली. तिच्या एका हातात टॉर्च होता, दुसऱ्याने ती पापणी ओढायला बघत होती, आणि उजेड नीट पडत नव्हता.

मी तिच्या हातातला टॉर्च घेतला आणि ती सांगेल तिथे धरून उभी राहिले.